नवरात्राच्या आधीचे तीन महिने

सहावी माळ होती. पहाटे पावणेसहाच्या सुमारास दुर्गामाता दौड, म्हणजे नवरात्रात रोज पहाटे देवीच्या नावाने निघणारी धावण्याची फेरी, एका चढाच्या गल्लीत शिरली. दारोदारी सडा-रांगोळी, आरतीचं ताट घेऊन उभ्या बायका, पुढे ध्वज. मी रांगेत मधोमध होतो, डोक्याला फेटा, पाय अनवाणी. चढावर चार पावलं जोरात टाकली आणि उजव्या पोटरीवर मागून कुणीतरी दगड मारल्यासारखं वाटलं. वळून पाहिलं तर मागचा मुलगा चांगला चार हात लांब. पुढचं पाऊल टाकायला गेलो तर पाय टेकवेना. दोघांनी धरून एका घराच्या कट्ट्यावर बसवलं. "काका, पाय सोडून बसा, आम्ही येतोय परत," म्हणाले आणि रांग पुढे गेली. ती जाताना बघून मला रडू आलं.

दौडीत काही चूक नव्हती. शेकडो माणसं नऊ दिवस धावतात आणि घरी जाऊन कामाला लागतात. चूक माझ्या तयारीत होती, आणि ती कुठे होती हे समजायला मला जवळजवळ वर्ष लागलं. ते वर्ष इथे लिहितोय, कारण माझ्या वयाची बरीच माणसं दर वर्षी तेच करताना मला दिसतात.

मी बेळगावच्या वडगावात राहतो, उद्यमबागेतल्या एका मशीनशॉपमध्ये सुपरवायझर आहे. तेव्हा वय ४८. पंचविशीपर्यंत गल्लीतल्या तालमीत जायचो. दोनशे जोर, चारशे बैठका हा रोजचा हिशेब होता. मग लग्न, शिफ्ट, मुलं, आणि लाल मातीशी संबंध सुटला तो तेवीस वर्षं. त्या वर्षी फेब्रुवारीत कंपनीच्या तपासणीत साखरेचा तीन महिन्यांचा आकडा ६.१ आला. मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर. डॉक्टर म्हणाले, चालायला लागा. मार्चपासून रोज पहाटे व्हॅक्सिन डेपो मैदानावरच्या झाडांखाली चाळीस मिनिटं चालू लागलो. मे संपेपर्यंत चार किलो वजन उतरलं, दम वाढला, अंग हलकं झालं. पुन्हा पंचविशीत आल्यासारखं वाटत होतं.

मग जून. बेळगावचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना पुढचं सांगायला नको. मिरगाचे चार थेंब पडले की आठवडाभरात झड लागते, रस्त्यांना पाणी, पहाटे अंधार आणि चिखल. चालणं बंद पडलं. आज उघडेल, उद्या उघडेल करत जून, जुलै, ऑगस्ट गेले. सप्टेंबरात गणपती आले, कामं आली. पाऊस ओसरतो न ओसरतो तोच घटस्थापना. मी मेमधल्या दमाच्या आठवणीवर थेट चार-पाच किलोमीटर धावायला उतरलो. तेही अनवाणी, डांबरी आणि काँक्रीटच्या रस्त्यावर, एक दिवसाचीही विश्रांती न घेता, आणि वर आठ तास काँक्रीटवर उभं राहायची ड्युटी.

शरीराने खुणा केल्या होत्या. तिसऱ्या माळेपासून सकाळी खाटेवरून उतरलं की टाचेच्या मागची शीर आखडलेली असायची. पाच-दहा पावलं लंगडायचो, मग मोकळं व्हायचं. मोकळं होतंय म्हणजे काही नाही, असं मी धरून चाललो. चौथ्या आणि पाचव्या माळेला दुखण्याची गोळी घेऊन धावलो. बायको म्हणाली, "एक दिवस घरात बसा की ओ, देवी काय रागावत नाही." मी ऐकलं नाही. सकाळी आखडणं आणि हालचालीने मोकळं होणं ही कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, जिला आपण शीर म्हणतो) बिघडायला लागल्याची अगदी ओळखीची खूण आहे, हे मला नंतर समजलं. मोकळं होतं म्हणूनच माणूस फसतो.

त्या सकाळी कट्ट्यावरून मला घरी आणलं आणि आणखी एक चूक झाली. ओळखीच्या एकाने मालिश करणाऱ्याला बोलावलं. "नस चढलीया, उतरवतो," म्हणून त्याने गरम तेल लावून अंगठ्याने पोटरी खालून वर रगडली. मी दात आवळून सोसलं. संध्याकाळपर्यंत पोटरी दुधी भोपळ्यासारखी सुजली आणि दुसऱ्या दिवशी घोट्यापर्यंत काळंनिळं उतरलं. स्नायू फाटतो तेव्हा आत रक्तस्राव होत असतो. पहिल्या दोन-तीन दिवसांत रगडणं, शेकणं म्हणजे तो वाढवणं. त्या वेळी हवा असतो बर्फाचा थंडावा (फडक्यात गुंडाळून, दहा-पंधरा मिनिटं), क्रेप बँडेजचा हलका दाब, पाय उशांवर उंच, आणि भार कमी. एवढं साधं होतं.

हाडांच्या डॉक्टरांनी मला टेबलावर पालथं झोपवलं, पावलं कडेबाहेर लोंबती ठेवली आणि पोटरी मुठीत धरून दाबली. पंजा आपोआप खाली झुकला. "शीर शाबूत आहे," ते म्हणाले. टाचेची मोठी कंडरा पूर्ण तुटली असती तर पोटरी दाबून पाऊल हललं नसतं. कंडरा तुटतानाही माणसाला असंच मागून कुणी मारल्यासारखं वाटतं, आणि तिशी ते पन्नाशीच्या पुरुषांत, अधूनमधून खेळणाऱ्यांत, ते जास्त होतं. म्हणून ही तपासणी लवकर व्हायला हवी. सोनोग्राफीत दिसलं की पोटरीच्या आतल्या बाजूचा स्नायू अर्धवट फाटलाय, आणि त्याशिवाय टाचेपासून चार बोटं वर कंडरा जाड झाली आहे. म्हणजे दोन वेगवेगळी दुखणी.

त्यांनी विचारलेल्या दोन गोष्टी मी विसरणार नाही. एक, पोटरी आधीपासून सुजलेली, गरम होती का, लांबचा प्रवास झाला होता का? रक्तवाहिनीत गुठळी झाली तरी पोटरी अशीच दिसते, आणि तिला मालिश करणं जिवावर बेतू शकतं. दुसरं, गेल्या काही आठवड्यांत कुठलं अँटिबायोटिक घेतलं होतं का? सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन या जातीच्या औषधांनी कंडरा सुजण्याचा आणि तुटण्याचा धोका वाढतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ पासून त्यांच्यावर ठळक इशारा छापायला लावलाय. साठीपुढे आणि स्टेरॉइड चालू असलेल्यांना तो धोका जास्त. मी तसलं काही घेतलं नव्हतं. पण आपल्याकडे ताप आला, लघवीला जळजळ झाली की दुकानातून हीच गोळी आणून खातात आणि तिसऱ्या दिवशी कामाला जातात, म्हणून हे मुद्दाम लिहितोय.

डॉक्टरांनी फिजिओथेरपीला पाठवलं. त्या बाई बैलहोंगलकडच्या. मराठी समजतं, बोलतात कानडी मिसळून. पहिल्याच दिवशी पाय हातात घेऊन म्हणाल्या, "स्नायू सहा-आठ आठवड्यांत भरतो. कंडरेला तीन महिने तर लागतातच, कधी जास्त. तुम्ही दोघांना एकच कॅलेंडर लावलं."

माझं सगळं कोडं त्या एका वाक्यात सुटलं. चालायला लागलं की दोन-तीन आठवड्यांत श्वास सुधारतो. दीड-दोन महिन्यांत स्नायूंत ताकद वाटू लागते. कंडरेत रक्तपुरवठा कमी, तिची झीज भरून यायला महिने लागतात. त्यामुळे मधे एक काळ असा येतो की छाती म्हणते धाव, मांड्या म्हणतात धाव, आणि टाचेची शीर अजून गेल्या वर्षीच्या जागीच असते. तरुणपणी हे अंतर कमी असतं. चाळिशीनंतर ते वाढतं. तिशीपासून दर दहा वर्षांना तीन ते आठ टक्के स्नायू घटत जातात, कंडरा ताठर होते, साखर जास्त असेल तर आणखी ताठर. दम हा या वयात तयारीचा पुरावा नव्हे.

पहिले दहा दिवस दोन्ही चपलांत टाचेखाली जाड पट्टी, म्हणजे पोटरीवर ताण कमी. बसल्या जागी पंजा टॉवेलवर दाबून धरायचा, पंचेचाळीस सेकंद, पाच वेळा. तिसऱ्या आठवड्यात भिंतीला हात टेकून दोन्ही पायांनी टाचा उचलणं. सहाव्या आठवड्यात त्यांनी दोन्ही पायांची परीक्षा घेतली, एका पायावर उभं राहून टाच किती वेळा पूर्ण उचलता येते. उजव्याने सहा. आणि धड असलेल्या डाव्याने अकरा. "पंचवीसच्या आसपास यायला पाहिजेत," त्या म्हणाल्या. मला धक्का बसला तो डाव्या पायाचा. म्हणजे दुखापत व्हायच्या आधीसुद्धा माझी पोटरी धावण्याच्या लायकीची नव्हती. धावताना प्रत्येक पावलाला अंगाच्या वजनाच्या कित्येक पट भार याच शिरेवरून जातो. मी तीन महिने चाललो होतो, पण ताकदीचा व्यायाम एक दिवसही केला नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांत आठवड्याला किमान १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम सांगितलाय, आणि सोबत आठवड्यातून दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा. आपण पहिलं वाक्य वाचतो आणि थांबतो.

मग पायरी आली. घराच्या मागच्या दाराची पायरी. पंजाचा पुढचा भाग पायरीच्या कडेवर, टाचा बाहेर. डाव्या पायाने वर चढायचं आणि उजव्या पायाने सावकाश खाली उतरायचं, टाच पायरीच्या पातळीखाली जाईपर्यंत. गुडघा सरळ ठेवून पंधरा-पंधराच्या तीन फेऱ्या, गुडघा वाकवून पुन्हा तीन. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. दिवसाला १८०, बारा आठवडे. हा व्यायाम स्वीडनच्या अल्फ्रेडसन नावाच्या हाडांच्या डॉक्टरांनी १९९८ मध्ये मांडला, आणि तो ज्यांच्यावर केला ते माझ्यासारखेच मध्यमवयीन हौशी धावणारे होते. आता फिजिओ त्यात ज्याच्या-त्याच्याप्रमाणे बदल करतात, रोजच्याऐवजी दिवसाआड जड वजनानेही करवून घेतात. पण मूळ तत्त्व तेच. बिघडलेल्या कंडरेला नुसती विश्रांती दिली तर ती आणखी दुबळी होते. तिला भार लागतो, पण मापात.

माप कसं ठरवायचं हे त्या बाईंनी मला शिकवलं आणि ते मी आजही वापरतो. व्यायाम करताना मधेच विचारायच्या, "नोवु ऐतेन्री?" दुखतंय का? शून्य ते दहामध्ये आकडा सांगायचा. तीनपर्यंत असेल तर चालू ठेवायचं. पाचवर गेलं की त्या हात वर करायच्या, "साक्री." पुरे. पण खरा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी. खाटेवरून उतरल्यावर पहिल्या दहा पावलांचा आकडा कालच्यापेक्षा जास्त असेल तर काल जास्त झालं होतं. आज कमी करायचं. मी एक वही केली. शॉपमध्ये आम्ही प्रत्येक बॅचचं माप लिहितो, इथे टाचेचं लिहू लागलो. चार, चार, तीन, पाच, चार, तीन... महिन्याभरात रेघ खाली उतरताना दिसली. दुखणं रोज कमी होत नाही. वही नसती तर पाच आलेल्या दिवशी मी हिंमत सोडली असती.

जानेवारीत मी माझ्या जुन्या वस्तादांना भेटायला गेलो. वय झालंय, ऐकू कमी येतं, पण पाठ अजून सरळ. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तापातनं उठलेल्या पोराला मी पहिल्या दिवशी किती जोर मारायला लावायचो?"

"पंचवीस."

"आणि तापाच्या आधी?"

"दोनशे."

"मग तुझी तेवीस वर्षं म्हणजे ताप न्हवं काय?"

मी काही बोललो नाही. तालमीत हे सगळं होतं. हंगामाच्या आधी मेहनत चढती ठेवायची, जत्रा झाली की उतरती. आनंदवाडीच्या कुस्तीच्या आखाड्यात उतरायचं असेल तर तयारी कित्येक महिने आधी सुरू व्हायची. हौद्यात उतरण्याआधी माती खणायची, तेव्हाच अंग तापायचं. आज जिला वॉर्मअप म्हणतात ती गोष्ट कुणी न सांगता होऊन जायची. मात्र तिथून मी एक चुकीची गोष्टही घेऊन आलो होतो. दुखणं अंगावर काढणं म्हणजे मर्दपणा. विशीत तो समज एखादे वेळी खपून जातो. पन्नाशीत नाही.

वॉर्मअपबद्दल थोडं सांगतो, कारण व्हॅक्सिन डेपोवर रोज बघतो. माणसं गाडीवरून उतरतात, थंडीत गारठलेल्या अंगाने वाकून पायाच्या अंगठ्यांना हिसके देतात आणि धावत सुटतात. थंड स्नायूला ताणून, हिसके देऊन दुखापत टळत नाही. आमच्याकडे पहिल्या शिफ्टला मशीनचा स्पिंडल आधी कमी वेगावर फिरवून गरम करतात, मगच पूर्ण वेगावर नेतात. नाहीतर बेअरिंग जातं आणि मापही चुकतं. अंगाचं तसंच. पाच मिनिटं भरभर चालणं, घोटे फिरवणं, भिंतीला धरून पाय पुढे-मागे झुलवणं, दहा अर्ध्या बैठका, पंधरा टाचा उचलणं, मग अगदी हळू धावणं. सगळी मिळून दहा मिनिटं. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत पंधरा. धरून ठेवायचे ताण धावून झाल्यावर, अंग गरम असताना.

आणि एक. चाळिशी ओलांडलेल्याने, त्यातही साखर, रक्तदाब किंवा घरात हृदयविकार असेल तर जोराचा व्यायाम सुरू करायच्या आधी डॉक्टरांना दाखवावं. छातीत दाब, डावा हात किंवा जबडा दुखणं, घाम फुटून गरगरणं, यातलं काहीही झालं की तिथेच थांबायचं.

पुढचा जून आला. या वेळी मी पावसाची वाट न बघता पायरीवर उभा राहिलो. नवरात्राची तयारी सप्टेंबरात करायची नसते. पाऊस पडत असताना, घरात, जून-जुलै-ऑगस्टमध्येच ती करावी लागते. आमच्या भागातल्या माणसाला पावसाळा चार महिने बसवतो आणि लगेच धावायला लावतो. दुखापतीची जागा या दोहोंच्या मधे आहे. जूनमध्ये आठवड्यातून तीन दिवस एका पायावर टाचा उचलणं आणि खुर्चीवर टेकून उठायच्या बैठका. जुलैत पाठीवरच्या सॅकमध्ये पाच किलो तांदूळ, महिनाअखेर दहा. ऑगस्टमध्ये पडवीत दोरीवरच्या उड्या, पहिल्या दिवशी वीसच, कारण उडी हा वेगळा भार आहे. पाऊस उघडला की एक मिनिट धावणं, दोन मिनिटं चालणं, अशा दहा फेऱ्या. दर आठवड्याला दहाव्या हिश्शापेक्षा जास्त वाढवू नये असं सगळीकडे सांगतात. तो आकडा काही दगडावरची रेघ नाही, पण माझ्यासारख्या घाई करणाऱ्याला लगाम म्हणून चांगला आहे. अनवाणी चालणं फक्त गवतावर, पाच मिनिटांपासून सुरू. टाचेखालची चप्पल-बुटाची उंची गेली की पोटरीची आणि कंडरेची मेहनत वाढते. तीही शिकवावी लागते.

मी बैठका मारताना आई पडवीत बसून बघायची. ती ७६ वर्षांची आहे. खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावी तिने जन्मभर भाताची लावणी केली, चिखलात वाकून, उकिडवं बसून. आजही ती जमिनीवरून हात न टेकता उठते. मी ४८ व्या वर्षी गुडघ्यावर हात टेकून उठत होतो आणि धावायला निघालो होतो. तिच्या पायांतली ताकद कुठल्या एका उन्हाळ्यात आलेली नाही.

ऑगस्टअखेर एका पायावर टाच उचलण्याचा आकडा उजवा २२, डावा २४. फिजिओ बाईंनी मोजले आणि हसल्या. तरीही म्हणाल्या, नऊच्या नऊ दिवस नको. धावल्यानंतर कंडरेला सावरायला दीड-दोन दिवस द्या. हे मान्य करणं मला सगळ्यांत जड गेलं. नऊ दिवसांचं व्रत अर्धवट करायचं कसं? बायकोनेच मार्ग काढला. पहिली, चौथी, सातवी माळ आणि दसरा, हे चार दिवस धावायचं. बाकीच्या दिवशी तिच्याबरोबर दारात आरतीचं ताट घेऊन उभं राहायचं. पायांत बूट. अनवाणी फक्त शेवटचा थोडा टप्पा, तोही चालत.

सातव्या माळेला मी तो चढ पुन्हा चढलो. त्या घराच्या कट्ट्याजवळ वेग कमी केला, पावलं आखूड केली, श्वास बोलता येईल इतका ठेवला. शेजारच्या मुलाने विचारलं, "काका, जमतंय नव्हं?" मी त्याला उत्तर देऊ शकलो.

आठव्या माळेच्या सकाळी खाटेवरून उतरलो. दहा पावलं टाकली. उजवी टाच किंचित आखडलेली. वहीत दोन लिहिलं, फेटा खुंटीलाच ठेवला आणि ताटात निरांजन लावलं. गल्लीच्या टोकाकडून घोषणा ऐकू यायला लागल्या होत्या.